सावडीचे तास

साखर कारखान्यात बॉयलरपुढं उभ्या राहणाऱ्या माणसाला एकच गोष्ट शिकवली जाई. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. भट्टीत उसाची चिपाडं कशी लोटायची, आग कुठं चेतवायची आणि कुठं दाबायची, हे ज्याचं त्यानं पोळून घेऊन शिकावं. पण बॉयलरातलं पाणी दाखवणाऱ्या काचेवर नजर पाहिजे आणि तिथं कुणीतरी उभं पाहिजे. काचेतलं पाणी उतरलं आणि आगवाला जागेवर नसला तर बॉयलर फुटतो, आणि बॉयलर फुटला की आगवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे एकाच पंगतीला बसतात. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि सांगणारा हसत नव्हता.

मी तिथं आगवाला होतो. दुसरी लढाई संपून गेली होती, पण साखर अजून रेशनवरच होती. दिवसभर साखरेच्या वासात उभा राहून मी घरी गुळाचा चहा प्यायचो. आमचं रान कोल्हारच्या अलीकडं, प्रवरेच्या बाजूला. शेती थोरला भाऊ बघायचा आणि धाकट्याला कारखान्यात चिकटवायचं अशी तेव्हाची रीत, म्हणून मी चिकटलो. कारखान्याचं नाव सांगत नाही. मालक गेले, मॅनेजर गेला, आता नाव घेऊन कुणाचं भलं होणार आहे.

पाळ्या तीन होत्या. पहाटे चार ते बारा माझी. बारा ते आठ माझ्या जोडीदाराची. आठला तिसरा यायचा. मुकादमाला पाळ्या फिरवायचा कंटाळा, त्यामुळं हंगामभर हाच क्रम चालायचा.

माझा जोडीदार प्रवरेपलीकडच्या ख्रिस्ती वस्तीतला. माझ्यापेक्षा वयानं मोठा, बायको आणि एक मुलगी पदरात. मिशनच्या शाळेत थोडं शिकलेला आणि गळ्यानं गोड. भट्टीपुढं तो देवाची गाणी म्हणायचा, म्हणून आम्ही त्याला ‘पाळकसाहेब’ म्हणून चिडवायचो. तो मला ‘पाटील’ म्हणायचा. आमच्या घराण्यात पाटीलकी कधी फिरकलीसुद्धा नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

भट्टीची धग एका अंगाला जास्त लागते. दार उघडून चिपाडं लोटताना उजवा खांदा पुढं होतो, म्हणून आम्ही तिथं ओलं गोणपाट टाकायचो. एका भट्टीला एकच गोणपाट. येणाऱ्या माणसानं ते जाणाऱ्याच्या खांद्यावरून स्वतःच्या हातानं उतरवायचं, पिपात बुडवायचं आणि आपल्या खांद्यावर घ्यायचं. एवढं झालं की जाणारा मोकळा. भोंगा कितीही कोकलला तरी गोणपाट उतरल्याशिवाय पाळी संपत नसे. तो आला की मागून म्हणायचा, “वाक, पाटील.” मी खांदा खाली करायचो. गावात त्याच्या हातचं पाणी आमच्या घरात चाललं नसतं. इथं त्याच्या घामानं भिजलेलं गोणपाट मी रोज अंगावर वागवत होतो आणि तो माझ्या घामाचं. आईला हे मी कधी सांगितलं नाही.

आता सावडीचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. शेतकऱ्याला सावड सांगावी लागत नाही. आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या रानात येतो. मजुरी कुणी कुणाला देत नाही, दिवसाची फेड दिवसानं. आम्ही सगळे त्याच मातीतून उठून कारखान्यात गेलो होतो, तर जाताना सावडही बरोबर घेऊन गेलो. कुणाची बैलगाडी अडली, कुणाच्या घरी बाळंतपण निघालं, बदलीवाला तास-दोन तास उशिरा आला, तर उभा असलेला माणूस उभा राही. पुढं कधीतरी दुसरा लवकर येऊन ते तास फेडी. कंपनीकडं त्याबद्दल काही मागायचं असतं हे आमच्या डोक्यातच नव्हतं. कंपनीनं ते डोक्यात घालण्याची घाईही केली नाही. मॅनेजर तर कौतुकानं म्हणायचा, “तुमच्यात काय झकास सावड आहे!” मांजराच्या गळ्यात कुणी लोणी बांधलं तर ते कौतुक करील नाही तर काय.

त्या हंगामात माझ्या जोडीदाराला हिवताप धरला. पाटाचं पाणी आलं तसा आमच्याकडं ऊस आला, आणि उसामागून डास आले. एक दिवस बरा, एक दिवस दातावर दात. कोयनेलच्या गोळ्या खाऊन त्याचे कान गाणी म्हणायचे, तो म्हणायचा बंद झाला. बारा वाजून जायचे आणि तो यायचा नाही. मग एक, कधी दोन. काळवंडलेल्या तोंडानं यायचा, माझ्या खांद्याला हात घालायचा आणि म्हणायचा, “लई तास झालं, पाटील. फेडतो.”

“आधी जगून घे,” मी म्हणायचो. हे आमचं नेहमीचं बोलणं होतं, त्यात माझ्या मनात काही नव्हतं.

मग तो दिवस. बाराचा भोंगा झाला, तो आला नाही. एक वाजला, तरी नाही. मी काचेकडं बघायचो आणि दाराकडं बघायचो. पहाटेची भाकरी कधीच जिरली होती. गोणपाट वाळून टणक झालं. चिपाडं वाहणाऱ्या एका बाईनं तांब्याभर पाणी माझ्या खांद्यावर ओतलं, तेवढं बरं वाटलं. मुकादमाला म्हटलं, माणूस द्या. तो म्हणाला, “माणूस कुठनं देऊ? तुझा जोडीदार, तू बघ.” मग मी जोडीदाराला शिव्या द्यायला लागलो. मोठ्यानं. बॉयलरच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही, म्हणून माणूस तिथं जास्तच मोकळा होतो. त्याच्या देवालाही मी सोडलं नाही. उन्हं कलली, अंधार पडला, आठला तिसऱ्या पाळीचा आला आणि त्यानं गोणपाट उतरवलं. दोन पाळ्या सलग उभा राहिलो होतो. घरी जाऊन न जेवता पडलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर गेलो तेव्हा गेटवर कळलं. जोडीदार घरून निघाला होता. अंगात ताप घेऊन निघाला होता. पाटाच्या कडेनं निम्म्याहून जास्त वाट चालून आला आणि एका बाभळीखाली टेकला. पाटावरच्या पाटकऱ्यानं त्याला दुपारीच पाहिलं होतं. खोडाला पाठ लावून, भाकरीचं फडकं मांडीवर, तोंड कारखान्याच्या धुराड्याकडं. झोपला असेल, पाळीच्या माणसाला झोप कुठं मिळते, म्हणून त्या भल्या माणसानं उठवलं नाही. संध्याकाळी पाणी फिरवून परत आला तरी हा तसाच.

तिथून भोंगा ऐकू येतो. म्हणजे मी भट्टीपुढं त्याचा उद्धार करत होतो तेव्हा तो भोंग्याच्या टप्प्यात बसून होता. जिवंत होता की नव्हता, हे मला कुणी सांगू शकलं नाही, आणि मी कुणाला विचारलंही नाही.

बारा-आठच्या पाळीला नवा माणूस आला, तो स्वतःचं गोणपाट घेऊन. आमचं जुनं कुणी अंगावर घेईना. शेवटी मुकादमानं ते भट्टीत टाकलं. ओलं होतं, जळायला वेळ लागला. त्या दिवसापासून बाराचा भोंगा झाला की माझा उजवा खांदा आपोआप खाली व्हायचा. मागं कुणी नसायचं. नवा माणूस अजून गेटातून आतसुद्धा आलेला नसायचा. मी खांदा खाली करून उभा, आणि खांद्यावर त्या जळून गेलेल्या गोणपाटाचं गार ओलं ओझं तसंच. मला भीती वाटायची, हे मी आज सरळ सांगतो. रात्रीच्या अंधारात वाटते ती भीती वेगळी, ती दिवा लावला की जाते. ही लख्ख दुपारी, शंभर माणसांत वाटायची.

माती झाल्यावर काही दिवसांनी त्याची बायको आमच्या घरी आली. पाळीवरून येऊन मी ओट्यावर बसलो होतो. ती अंगणातच उभी राहिली.

“भाऊ, सावडीचे किती तास ऱ्हायलेत त्यांच्या अंगावर?”

“एकबी न्हाई, वैनी.”

“असं कसं? ताप आल्यापास्नं तुमीच उभं ऱ्हायलात. मला म्हाईत हाय. त्या दिशी म्या म्हनलं, आज जाऊ नगा. तर म्हनले, पाटलाचे लई तास झाल्यात, आज त्याला येळेवर सोडतो.”

मी म्हणालो, “ते काय मनावर घ्यायचं? सोडून द्या.”

“तुमी सोडाल. त्यांना सुटल्यागत वाटंल का?”

मी काही बोलायच्या आत आई दारातून म्हणाली, “फेडू दे तिला. मेलेल्याच्या अंगावर सावड ठिवू न्हाई.” आईचा शब्द म्हणजे आमच्या घरातला भोंगा. तो वाजला की विषय संपला.

दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या कांद्यात खुरपायला यायला लागली. सकाळी नाही, इतर बायकांबरोबर नाही. बाराला. भोंगा झाला की बांधावर उभी असायची, आणि दिवस बुडेपर्यंत खुरपायची. त्याची पाळी ती भरत होती. कारखान्यातून घरी जाताना माझी वाट त्या वाफ्यांवरूनच होती. मी लांबून वळसा घालून जायला लागलो. आई बांधावर भाकरी ठेवायची, तीही हाताला हात लागू नये अशी लांबून. ती भाकरीला शिवायची नाही. एकदा आईनं विचारलं तर म्हणाली, “भट्टीपुढं त्यांना कोन जेवाय घालत हुतं?”

रात्री मला झोप येईना. एका बाईचं पोट मारून माझ्या घरचे कांदे खुरपले जात होते, आणि कशासाठी, तर मी चार घटका उभा राहिलो म्हणून. जोडीदार माझ्या स्वप्नात आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, काहीतरी बोलला असता.

अशात कारखान्यात सरकारी साहेब आला. कामगारांचे तास बघणारा इन्स्पेक्टर. आम्हाला उसाच्या गाड्या उभ्या राहतात त्या शेडमध्ये जमवलं. साहेब थकलेला दिसत होता, आणि चष्म्यावर बसणारी राख पुन्हा पुन्हा पुसत होता. त्यानं विचारलं, नेमलेल्या तासांपेक्षा जास्त काम कुणी केलं आहे का? सगळे गप्प. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. आमच्या लेखी जास्त काम कुणी केलंच नव्हतं. ते तास कुणाचे ना कुणाचे उसने होते, आणि उसन्याची बोंब चारचौघांत करायची नसते.

मॅनेजर म्हणाला, “साहेब, यांच्यात सावड असते. आपसातला मामला.”

साहेबानं पाठ केल्यासारखं सांगितलं की ठरलेल्या तासांवर माणूस राबवला तर त्याला ओव्हरटाइम म्हणतात, त्याचा दर वेगळा आणि चढा, आणि तो कंपनीनं द्यायचा. तो पुढं निघालासुद्धा होता. पण माझ्या डोळ्यांपुढं कांद्याचे वाफे आले आणि माझं डोकं तापलं.

“माजे हायेत,” मी म्हणालो.

“कधी?”

“जोडीदार आला न्हाई त्या दिशी. बारा ते आठ.”

“का आला नाही?”

“मेला हुता.”

साहेबाचा हात चष्म्यावर तसाच राहिला. मग तो मॅनेजरला नाही, मला म्हणाला, “बदलीचा माणूस देणं कंपनीचं काम आहे. तुझ्या जोडीदाराचं नाही. ते तास कंपनीचे.”

ते तास त्याचे नव्हतेच. त्या दिवसाचे नव्हते तसे त्याच्या आधीचेही नव्हते. तो तापात फणफणत उगाच माझी माफी मागत होता आणि मी मोठ्या मनानं ती देत होतो, आणि ज्याच्याकडं खरं येणं होतं तो आमच्या सावडीचं कौतुक करत होता. मी सगळं सांगितलं. तापाच्या दिवसांतले तासही सांगितले.

बाकीच्यांना ते रुचलं नाही. एक म्हातारा आगवाला शेडबाहेर मला म्हणाला, “सावड कंपनीला इकलीस.” दुसरा म्हणाला, मेलेल्या माणसाच्या नावावर पोट भरतोय. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. दुसऱ्याच दिवसापासून मॅनेजरनं उशिरा येणाऱ्यांना गेटवरून परत पाठवायला सुरुवात केली. आपसातला मामला मिटला. पूर्वी घरी कुणी आजारी असलं तर जोडीदाराच्या जिवावर माणूस तासभर थांबत असे, ते गेलं. माझ्याशी दोघा-तिघांनी बोलणं टाकलं, आणि पुढच्या हंगामाला मला बोलावणं आलं नाही. पण साहेबाच्या धाकानं कंपनीनं माझे पैसे मात्र दिले. मॅनेजरनं ते विंचू ढकलावा तसे टेबलावरून माझ्याकडं सरकवले.

मी ते घेऊन नदी ओलांडली आणि ख्रिस्ती वस्तीत गेलो. त्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. ती चुलीपुढं होती, मुलगी पाटी घेऊन बसली होती. मी पैसे जमिनीवर ठेवले. वाटेत बरंच बोलणं जुळवलं होतं, ते सगळं एकदम बाहेर आलं.

“वैनी, हे बगा. कंपनीनं दिलं. ज्याच्याकडं येनं असतं त्योच देतो. त्यांच्या अंगावर काई न्हवतं. सरकारी साहेबानं सोता सांगितलं. आता तुमी खुरपाय येऊ नगा.”

मला वाटत होतं तिचा चेहरा हलका होईल. खरं सांगायचं तर त्यासाठीच मी कारखान्यात सगळ्यांशी वाकडं घेतलं होतं. तिनं पैशांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“मंग त्या दिशी ते कुनासाठी निघालं हुतं?”

मी पैसे तिच्याकडं सरकवले.

“म्या दारात आडवी झाल्ते, भाऊ. मला बाजूला करून गेले. पाटलाला येळेवर सोडायचंय म्हनले. ते काय कंपनीसाठी गेले का?”

चुलीतलं लाकूड तिनं मागं ओढलं. मुलगी पाटीवर काही लिहायची थांबली होती. खोटं बोलायला जागा नव्हती आणि खरं काय ते मला त्या क्षणापर्यंत समजलं नव्हतं.

“माज्यासाठी,” मी म्हणालो.

“मंग त्यांच्या अंगावर तुमचं देनं हाय असंच म्हना. तेवढं तरी त्यांचं ऱ्हाऊ द्या.” पैसे तिनं उचलून माझ्या हातात दिले. “हे तुमच्या घामाचं. तुमी घेतलं ते बरं केलं. ते कशाला सोडायचं?”

दुसऱ्या दिवशी बाराला ती बांधावर उभी होती. हंगाम अजून थोडा शिल्लक होता. पाळी संपवून मी घरी आलो, त्या दिवशी वळसा घातला नाही. घरातून खुरपं घेतलं आणि तिच्या शेजारच्या वाफ्यात बसलो. रोज तेच. तिनं मनात कुठला आकडा धरला होता तो तिचा तिलाच माहीत. एका संध्याकाळी वाफ्याच्या टोकाला पोचून ती उठली, हाताची माती झटकली आणि म्हणाली, “फिटलं, भाऊ.”

आई बांधावर होती. तिनं भाकरी खाली ठेवली नाही. तिच्या हातात दिली. ती तिथंच बसून जेवली, तांब्यातलं पाणी प्यायली, आणि पाटाच्या कडेनं निघून गेली. मी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो. बाभळीपाशी ती थांबली नाही.

ते पैसे बरेच दिवस पत्र्याच्या पेटीत पडून होते. मग घरखर्चात गेले, पैसे जातात तसे. पुढं जिथं जिथं नोकरी केली तिथं जादा तासांचे पैसे मी भांडून घेतले आणि शेजारच्यालाही घ्यायला लावले. माझा त्याबद्दल लौकिक काही फारसा चांगला नव्हता. घेताना दर वेळी पाटाकडची ती बाभळ डोळ्यांपुढं यायची, तरी मी घेतलेच.

आता राहतो तिथं भोंगा नाही. तरी भिंतीवरच्या घड्याळात बारा झाले की माझा उजवा खांदा खाली येतो. नातसून विचारते, दुखतोय का? मी हो म्हणतो आणि ती तेल आणायला जाते. तोवर मी तसाच वाकून बसतो. अजून कुणी ते गोणपाट उतरवलेलं नाही.